जुन्या स्पोर्ट्स कारचा भाव कोण ठरवतं?

१३ नोव्हेंबर २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये आरएम सदबीजच्या लिलावात १९६२ सालची एक लाल फेरारी विकली गेली. ३३० एलएम/२५० जीटीओ, चेसिस नंबर ३७६५. हातोडा ४ कोटी ७० लाख डॉलरवर पडला. त्यावर लिलाव कंपनीचं सुमारे दहा टक्के बायर्स प्रीमियम धरून खरेदीदाराने मोजले ५ कोटी १७ लाख. जाहीर लिलावात फेरारीला तोवर मिळालेली ही सर्वात मोठी किंमत. दुसऱ्या दिवशी जगभर हाच आकडा झळकला. लिलावाआधी कंपनीने सहा कोटींच्या पुढची अपेक्षा बोलून दाखवली होती, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं.

विकणाऱ्याने ही गाडी १९८५ मध्ये सुमारे ५ लाख डॉलरना घेतली होती. ३८ वर्षांत शंभरपटीहून जास्त. हेच चक्रवाढीने मांडलं तर वर्षाला साधारण १३ टक्के येतात. त्याच काळात अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक लाभांश धरून वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास वाढला. त्या गुंतवणुकीला गॅरेज लागलं नाही, विमा लागला नाही, दर काही वर्षांनी इंजिन खाली उतरवावं लागलं नाही. आणि ही गोष्ट आहे जगातल्या सर्वात नावाजलेल्या मॉडेलची, तीही उत्तम वेळ साधून घेतलेल्या गाडीची. बाकीच्या हजारो गाड्यांचा हिशेब कसा लागत असेल?

जुन्या स्पोर्ट्स कार हा आता रीतसर गुंतवणुकीचा प्रकार मानला जातो. त्यांचे निर्देशांक निघतात, त्यांच्यावर कर्ज मिळतं, त्यांचे तुकडे पाडून शेअरसारखे विकले जातात. पण साठ वर्षांचा हा बाजार सलग पाहिला तर भाव ठरवणाऱ्या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. एक, गाडीमागचे कागद. दुसरी, त्या गाडीवर कोवळ्या वयात जीव जडलेली पिढी. गाडी धावते किती आणि कशी, याचा नंबर त्यानंतर लागतो.

जीटीओच्या वाट्याला आलेले वाईट दिवस आधी पाहू. १९६२ ते ६४ या काळात फेरारीने अशा फक्त ३६ गाड्या बांधल्या. नव्या गाडीची किंमत अमेरिकेत १८ हजार डॉलरच्या घरात होती, आणि ती कुणालाही मिळत नसे. खरेदीदार एन्झो फेरारींच्या नजरेतून पास व्हावा लागे. पण शर्यतीची गाडी फार लवकर म्हातारी होते. दोन-तीन हंगामांत मागे इंजिन असलेल्या गाड्या आल्या आणि जीटीओ मागे पडली. मग ती होती केवळ एक जुनी, गोंगाट करणारी, आतून उघडीबोडकी, रस्त्यावर चालवायला त्रासदायक गाडी. त्यातली एक टेक्सासमधल्या एका हायस्कूलला देणगी म्हणून मिळाली आणि तिथल्या मुलांच्या मोटार दुरुस्तीच्या वर्गात वापरली गेली. १९७२ मध्ये ती साडेसहा हजार डॉलरना विकली गेली आणि पुढे कित्येक वर्षं ओहायोतल्या एका शेतात, उघड्या ट्रेलरवर, ऊनपावसात उभी होती. पिंक फ्लॉइडचे ड्रमवादक निक मेसन यांनी १९७७ मध्ये आपली जीटीओ ३७ हजार पौंडांना घेतली. तेव्हा ती रक्कमही डोक्यावरून पाणी वाटावं इतकी होती.

पुढे दर वाढला तो गाडीत काही सुधारणा झाली म्हणून नव्हे. १९६० च्या दशकात जे तरुण ट्रॅकच्या कठड्याशी उभे राहून या गाड्या पाहत होते, त्यांच्या हातात १९८० नंतर पैसा आला. त्यात १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला आणि घाबरलेला पैसा हाताला लागेल अशा वस्तूंकडे वळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ख्रिस्टीजने एक बुगाटी रॉयाल ५५ लाख पौंडांना विकली. १४ ऑगस्ट १९८८ ला एन्झो फेरारी गेले. त्यांच्या हयातीत मंजूर झालेलं शेवटचं मॉडेल म्हणजे एफ४०. तिच्यासाठी लोक रांगेतली जागासुद्धा विकत घेऊ लागले. जपानमध्ये जमिनीचे आणि शेअरचे भाव फुगलेले, कर्ज स्वस्त. तिथल्या खरेदीदारांनी युरोपातली गॅरेजं रिकामी करायला घेतली. १९९० च्या सुमारास जीटीओ एक कोटी डॉलरच्या पुढे गेली होती.

मग जपानचा फुगा फुटला. चार-पाच वर्षांत तीच जीटीओ तीस लाखांच्या घरात आली. साध्या फेरारींचे हाल त्याहून वाईट झाले, कारण जीटीओचे मालक निदान थांबू शकत होते. कर्ज काढून डिनो किंवा टेस्टारोसा घेतलेल्यांना ते परवडणारं नव्हतं. एफ४० तर फेरारीने आधी चारशेच बांधायच्या म्हटल्या होत्या, मागणी पाहून तेराशेच्या वर बांधल्या. ज्यांनी चारशेच्या हिशेबाने दुप्पट-तिप्पट मोजले, त्यांना आपला पैसा परत दिसायला वीस-वीस वर्षं लागली. या बाजाराच्या इतिहासात १९८६ ते १९९४ ही वर्षं मला सर्वात शिकवणारी वाटतात. आज 'जुन्या गाड्यांचे भाव कधी पडत नाहीत' असं सांगणारे दलाल याच आठ वर्षांना वळसा घालून बोलतात.

दुसरी लाट हळू आली. २००४-०५ पासून भाव चढू लागले, २००८ च्या आर्थिक संकटात थोडे अडखळले आणि नंतर सुसाट सुटले. व्याजदर शून्याजवळ होते, बँकेत ठेवून काही मिळत नव्हतं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावात फेरारी २७५ जीटीबी/४ नार्ट स्पायडर २ कोटी ७५ लाख डॉलरना गेली. अशा गाड्या जगात फक्त दहा. पुढच्या वर्षी एक जीटीओ ३ कोटी ८१ लाखांना, २०१८ मध्ये दुसरी ४ कोटी ८४ लाखांना. याच दिवसांत नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या चैनीच्या वस्तूंच्या निर्देशांकात दहा वर्षांत क्लासिक कार ४०० टक्क्यांहून जास्त वाढल्याचं छापून आलं. सोनं, दारू, चित्रं, घड्याळं सगळी मागे. तो आकडा असंख्य गुंतवणूक सल्लागारांच्या स्लाइडवर गेला.

मात्र त्याच निर्देशांकाची २०२३ अखेरची दहा वर्षांची वाढ ८० टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे वर्षाला जेमतेम सहा टक्के. त्या दशकात अमेरिकी शेअरनी लाभांशासह वर्षाला साधारण १२ टक्के दिले. मोजणीची खिडकी दहा वर्षं पुढे सरकवली आणि चित्रच पालटलं. २०१५ नंतर बाजार थबकला होता. कोविडच्या काळात घरी बसलेल्या, हाती पैसा असलेल्या लोकांनी त्याला पुन्हा उचललं. २०२२ मध्ये क्लासिक कार एका वर्षात २५ टक्के चढल्या, २०२३ मध्ये ६ टक्के उतरल्या, २०२४ मध्ये एखादा टक्का वर आल्या. मॉन्टेरेच्या ऑगस्ट आठवड्यातली एकूण लिलाव विक्रीही तेच सांगते: २०२२ मध्ये सुमारे ४७ कोटी डॉलरचा विक्रम, नंतर ४० कोटी, मग ३९, आणि २०२५ मध्ये पुन्हा ४३ च्या आसपास. व्याजदर वर गेले की बंद गॅरेजमध्ये पैसा अडकवण्याची हौस ओसरते, हे इथे उघड दिसतं.

निर्देशांकांबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. लिलावात आणलेल्या दहा गाड्यांतल्या साधारण तीन विकल्याच जात नाहीत. मालकाने ठरवलेल्या किमान किमतीपर्यंत बोली पोहोचत नाही आणि गाडी परत जाते. अशा गाडीला बाजारात खरा भाव काय, हे विक्रीच्या आकड्यांत उमटत नाही. दुसरं म्हणजे एकेक अफाट सौदा सगळ्यांच्या डोळ्यांवर पडदा टाकतो. ५ मे २०२२ ला स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात १९५५ ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. आजवर लिलावात कुठलीही गाडी त्याच्या जवळपासही गेलेली नाही. पण अशा गाड्या दोनच बांधल्या होत्या, दोन्ही कंपनीकडेच होत्या, आलेला पैसा शिष्यवृत्तीच्या निधीत गेला, आणि बोली लावायला मोजक्या लोकांना बोलावलं होतं. या सौद्यावरून तुमच्या-माझ्या ओळखीच्या कुणाच्याही गाडीबद्दल काही अनुमान काढता येत नाही. तरी दरवर्षी कुणीतरी ते काढतंच.

आता कागदांकडे वळू, कारण खरा पैसा तिथे आहे. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या, दिसायला सारख्या दोन गाड्यांत निम्म्या-दुप्पट भावाचा फरक पडतो तो फाइलच्या जाडीमुळे. चेसिसवर ठोकलेला नंबर, इंजिनवरचा नंबर, गिअरबॉक्सवरचा नंबर हे कारखान्याच्या नोंदवहीशी जुळतात का? पहिल्या मालकापासून आजपर्यंतची साखळी सलग आहे का? कोणत्या शर्यतीत, कुणाच्या हाती, कितव्या क्रमांकाने धावली? जाणता खरेदीदार गाडीला फेरी मारण्याआधी फाइल उघडतो. मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र पत्र्यावर फिरतं, काचांच्या कोपऱ्यातले तारखेचे शिक्के पाहिले जातात, टायरच्या कडेचे चार आकडे वाचले जातात; त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. चेसिस नंबरचे आकडे कारखान्याच्या ठशाचे आहेत की नंतर कुणी हाताने ठोकलेले, हे भिंगाखाली तपासलं जातं. फेरारी स्वतः क्लासिके विभागातर्फे प्रमाणपत्र देते, पोर्शे आणि जॅग्वारकडूनही कारखान्याच्या नोंदींचे दाखले मिळतात. लॉटच्या वर्णनात 'योग्य प्रकारचं बदली इंजिन' असे शब्द दिसले की भावाचा मोठा लचका तुटला समजावं.

कागदांची ताकद किती, ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये मॉन्टेरेला दिसलं. १९५४ ची फेरारी ५०० मॉन्डियल तिथे मांडली होती. मांडली होती म्हणजे एका चौथऱ्यावर चुरगळलेल्या, जळून काळ्या-तपकिरी पडलेल्या ॲल्युमिनियमचा ढीग होता. चाकं नाहीत, बसायला जागा नाही, पुढचं तोंड कुठे आणि मागचं कुठे हे समजायला वेळ लागावा. ती मिले मिलिया या इटलीतल्या शर्यतीत धावली होती, १९६० च्या दशकात अमेरिकेत अपघात होऊन पेटली, आणि नंतर दशकानुदशकं इतर फेरारींबरोबर साठवून ठेवलेली होती. फ्लोरिडात २००४ च्या चक्रीवादळात त्या कोठाराचं छप्परही पडलं. ती १८ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली. खरेदीदाराने घेतला चेसिस नंबर, त्याच्याशी जोडलेला इतिहास आणि त्या नंबरावर पुन्हा गाडी उभी करायचा हक्क.

मग प्रश्न येतो की किती भाग मूळचे असले म्हणजे गाडी मूळची? हा प्रश्न १९९० मध्ये थेट लंडनच्या हायकोर्टात गेला. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती. नंतर ब्रुकलँड्सच्या ट्रॅकसाठी ती वारंवार बदलली गेली, मोठं इंजिन बसलं, १९३२ मध्ये तिथल्या भीषण अपघातात चालक गेला, आणि पुढे उरलेल्यावर बंद टपाची बॉडी चढली. एका कंपनीने ती एक कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं आणि मग हात आखडता घेतला: ही ती गाडीच नव्हे, असा दावा. पुराव्यात निघालं की ल मान्स जिंकणाऱ्या गाडीचे फारच थोडे सुटे भाग आता हिच्यात आहेत. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. गाडी बदलत गेली, पण मध्येच कुठे थांबून दुसरी झाली नाही. तिचं अस्तित्व सलग राहिलं, आणि तिच्या नावावर दुसऱ्या कुठल्याही गाडीला हक्क सांगता येत नाही, असा त्याचा आशय. मला हा निकाल या सगळ्या बाजाराचा पाया वाटतो. अखंड नोंद म्हणजेच गाडी, हे तिथे कायद्याच्या भाषेत मान्य झालं. २०१९ मध्ये इटलीत बोलोन्याच्या न्यायालयाने २५० जीटीओला कलाकृती म्हणून संरक्षण दिलं आणि नकला बांधण्यावर आळा आणला, तेही याच वाटेवरचं पाऊल.

कागदांबरोबर आणखी एक गोष्ट विकली जाते: हात न लागलेपण. पूर्वी गाडी नव्यासारखी चकचकीत करून विकण्याची रीत होती. आज जुना रंग, फाटलेलं मूळ चामडं आणि धूळ यांना वेगळा भाव आहे. पश्चिम फ्रान्समधल्या एका इस्टेटीत बायों कुटुंबाच्या ५९ गाड्या शेडखाली गंजत सापडल्या. त्यात १९६१ ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती, तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले. ही गाडी एके काळी अभिनेता अलँ दलों यांच्याकडे होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला आर्क्युरियालने ती आहे तशी, धुळीसकट मांडली आणि १ कोटी ६३ लाख युरो आले.

दुसरा घटक पिढीचा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी भिंतीवर चिकटवलेलं पोस्टर माणूस पन्नाशीत विकत घेतो. हिशेब सोपा आहे आणि त्याची दुसरी बाजू क्रूर आहे: ती पिढी म्हातारी झाली की तिचं पोस्टरही उतरतं. जॅग्वार ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाला आली. स्वतः एन्झो फेरारींनी तिला जगातली सर्वात सुंदर गाडी म्हटल्याचं सांगतात. पण तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीला टेकला आहे. त्याला खोल बसायच्या सीटमधून उठणं जड जातं. ई-टाइप ७२ हजारांच्या वर बनल्या, म्हणजे पुरवठा भरपूर. गेल्या दहा वर्षांत तिचे भाव महागाईशी जुळवून पाहिले तर उतरलेच आहेत. ऑस्टिन-हीली ३००० आणि एमजीच्या टी मालिकेचीही तीच गत. या गाड्यांत दोष काही नाही, आणि चालवायला घेणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला काळ नाही. पण वडिलांच्या ई-टाइपमध्ये 'गुंतवणूक' म्हणून पैसे ओतणाऱ्या मुलाला मी थांबवेन.

दुसरीकडे पाहा. लॅम्बोर्गिनी काउंटॅच, एफ४०, मॅक्लारेन एफ१, हवेवर थंड होणारी पोर्शे ९११. मॅक्लारेन एफ१ एकूण १०६ बांधल्या, त्यातल्या ६४ रस्त्यावरच्या. नव्वदच्या दशकात कर सोडून ५ लाख ४० हजार पौंड एवढी अवाढव्य किंमत असल्याने कंपनीला त्या विकायला जड जात होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये पेबल बीचला एक २ कोटी ४ लाख डॉलरना गेली. जपानी गाड्यांच्या बाबतीत तर अमेरिकेचा आयात नियमच भावाचं वेळापत्रक लिहितो. तिथे सुरक्षा आणि प्रदूषणाच्या अटी न पाळणारी गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय आणता येत नाही. निस्सान स्कायलाइन जीटी-आरची आर३२ पिढी १९८९ ची, म्हणून २०१४ ला दरवाजा उघडला. आर३४ ही १९९९ ची, तिच्यासाठी २०२४ ला. प्रत्येक वेळी आधीची दोन-तीन वर्षं जपानमधले भाव चढत गेले. व्हिडिओ गेम आणि 'फास्ट अँड फ्युरियस' मालिका पाहत वाढलेली मुलं आता चाळिशीत आहेत. पॉल वॉकर यांनी त्या मालिकेत वापरलेली टोयोटा सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरना गेली, आर३४ स्कायलाइन २०२३ मध्ये १३ लाखांवर. ट्रॅकवर या दोन्ही गाड्यांनी एकही मोठी शर्यत जिंकलेली नाही. त्यांचा इतिहास पडद्यावर घडला, आणि या पिढीसाठी तो तितकाच खरा आहे.

या पिढीने खरेदीची जागाही बदलली. ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ऑनलाइन लिलावांत शेकडो फोटो, गाडी सुरू करतानाचा व्हिडिओ आणि जाणकारांचे खुले प्रश्न यांमुळे मधल्या किमतीच्या गाड्यांचे व्यवहार बरेच पारदर्शक झाले. गंजलेला पत्रा लपवणं कठीण झालं, हे चांगलं. पण सगळ्यांना सगळे भाव रोज दिसू लागल्यामुळे चढ आणि उतार दोन्ही जलद होतात. पोर्शे कॅरेरा जीटी २०२२ च्या सुरुवातीला वीस लाख डॉलरपर्यंत उडाली आणि वर्ष-दीड वर्षात बरीच खाली आली. शेवटच्या टोकाला घेणारा कुणीतरी असतोच.

टिकाऊ कल म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवता येईल तो गिअरच्या दांड्याचा आहे. क्लच दाबून हाताने गिअर टाकायची स्पोर्ट्स कार आता दुर्मीळ होत चालली आहे. एकाच मॉडेलची, एकाच वर्षाची फेरारी मॅन्युअल असेल तर ऑटोमॅटिकच्या दुप्पट भाव सहज मागते. एफ४३० किंवा ५९९ घेताना हे कुणीही अनुभवेल. नव्या असताना उलट होतं, मॅन्युअल कुणाला नको होती, म्हणूनच त्या कमी बनल्या. विजेच्या गाड्या आल्यावर पेट्रोलच्या जुन्या गाड्यांचं काय, हा प्रश्न मला तितका धोक्याचा वाटत नाही. लंडनच्या प्रदूषण शुल्कातून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना सूट आहे, आणि पोर्शेच्या भागीदारीत चिलीत कृत्रिम इंधनाचा प्रकल्प २०२२ अखेर सुरू झाला. खरी अडचण मेकॅनिकची आहे. सहा कार्ब्युरेटर एकमेकांशी कानाने जुळवणारा माणूस सत्तरीचा असतो आणि त्याच्या हाताखाली बहुधा कुणी नसतं.

खर्चाचं गणित जाहिरातीत येत नाही, म्हणून इथे थोडं. एफ४० च्या पेट्रोल टाकीतल्या रबरी पिशव्या दर दहा वर्षांनी बदलाव्या लागतात, गाडी चालवली नाही तरी. फेरारी ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. उभी गाडी सुखरूप राहते हा गैरसमज आहे: सील सुकतात, ब्रेक ऑइल पाणी पितं, पेट्रोलचा चिकट थर जेट बुजवतो. चालवावी तर किलोमीटर वाढून भाव उतरतो. विकताना लिलाव कंपनी दोन्ही बाजूंनी कमिशन घेऊ शकते. विमा, हवा नियंत्रित जागा आणि वाहतूक मिळून दरवर्षी किमतीचे एक-दोन टक्के सहज जातात. निर्देशांकाच्या सहा टक्क्यांतून हे वजा करा. हे ओळखूनच काहींनी गाड्यांचे फंड काढले, काहींनी एकेका गाडीचे हजारो हिस्से विकले. त्यांचा हिस्सेदार गाडी चालवू शकत नाही, तिच्याशेजारी उभाही राहू शकत नाही. त्याच्या वाट्याला फक्त चढ-उतार येतो. या मालमत्तेचा जो एकमेव खात्रीचा परतावा आहे, म्हणजे ती चालवण्याचा आनंद, तोच काढून उरलेलं विकण्यात मला अर्थ दिसत नाही.

कर हा देशागणिक वेगळा आणि भावावर थेट परिणाम करणारा. ब्रिटनमध्ये गाडीला झिजणारी वस्तू मानतात, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. लंडनच्या श्रीमंतांना गाड्या आवडण्यामागे हेही एक कारण आहे. अमेरिकेत संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागतो, शेअरपेक्षा जास्त.

आपल्याकडे हा प्रश्न नुकताच मुंबई उच्च न्यायालयात गाजला. एका नोकरदार गृहस्थांनी १९३१ ची फोर्ड टूरर १९८३ मध्ये २० हजार रुपयांना घेतली आणि ९० च्या दशकाच्या सुरुवातीला २१ लाखांना विकली. घरातली वापरातली वस्तू म्हणून तिच्यावर कर नको, असं त्यांचं म्हणणं. २०२५ मध्ये न्यायालयाने ते अमान्य केलं. गाडी वापरता येण्यासारखी आहे एवढं पुरेसं नाही, ती खरोखर स्वतःसाठी वापरली हे दाखवावं लागेल. आणि तसा पुरावा नव्हता. फोर्ड टूरर स्पोर्ट्स कार नव्हे, पण मुंबई-पुण्यात जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचायला हवा. रॅलीचे फोटो, पेट्रोलच्या पावत्या, गॅरेजची बिलं जपून ठेवायची ती यासाठी.

भारतात खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कारचा बाजार उभा राहिला नाही याला कारणं आहेत. ज्या दशकांत जीटीओ आणि ई-टाइप बनत होत्या, तेव्हा इथे आयातीवर कुलूप होतं. त्याआधी जे आलं ते संस्थानिकांकडे, आणि त्यातलं बरंच बाहेर गेलं. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी तीसच्या दशकात अमेरिकन डुसेनबर्ग एसजे मागवून तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन आसनी स्पीडस्टरची बॉडी चढवून घेतली होती. जगातल्या सर्वात देखण्या डुसेनबर्गमध्ये तिची गणना होते, आणि ती आज अमेरिकेत आहे. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू लागला, २० हजार रुपये शुल्क भरून. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधनासाठी रस्त्यावर आणता येते. पूर्वी १९५० आधीच्याच गाड्या आणता येत, २०२५ मध्ये पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना आयातीची मुभा मिळाली. म्हणजे आता पहिल्या पिढीची पोर्शे ९११ किंवा ई-टाइप कायद्याने येऊ शकते. मात्र एकूण करांचा बोजा गाडीच्या मूळ किमतीच्या दुपटीलाही ओलांडून जातो. एवढे पैसे मोजून आणलेली गाडी पुढे नफ्यात विकायची तर तिला मूळ किमतीच्या तिपटीहून जास्त भाव मिळावा लागेल. गुंतवणूक म्हणून हा व्यवहार उभाच राहत नाही. ती आणणाऱ्याने गाडीसाठीच आणावी.

पुढच्या दहा वर्षांत मी जिकडे लक्ष ठेवून आहे ती बाजू पुरवठ्याची. १९५० आणि ६० च्या दशकातल्या शर्यतीच्या गाड्यांचे मोठे संग्राहक आता सत्तर ते नव्वदीत आहेत आणि त्यांच्या वारसांना त्या सगळ्या ठेवायच्या नाहीत. संग्रहालयंही विकू लागली आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंडियानापोलिसच्या मोटार शर्यत संग्रहालयाने आपल्याकडच्या काही गाड्या बाजारात आणल्या. त्यातली मर्सिडीज डब्ल्यू१९६ ५ कोटी ११ लाख युरोंना, आणि १९६५ ची ल मान्स जिंकलेली फेरारी २५० एलएम ३ कोटी ४८ लाखांना गेली. दोन्ही दुर्मीळ, दोन्हींची नोंद पहिल्या दिवसापासून अखंड. अशांना ग्राहक मिळत राहील. त्यांच्या खालच्या पायरीवर मात्र शेकडो चांगल्या गाड्या आहेत: शर्यत जिंकली नाही, मालक प्रसिद्ध नाही, इंजिन एकदा बदललेलं, फाइल पातळ. त्या जेव्हा एकाच काळात लिलावात येतील, तेव्हा त्यांना उचलणारे चाळिशीतले खरेदीदार त्याच पैशात आर३४ किंवा मॅन्युअल पोर्शे ९९३ घेऊ शकत असतील.